लिलावात जिंकलेली वस्तू वेळेवर आली नाही तर: खर्च किती, मुदत किती

ऑनलाइन लिलावात बोली जिंकली, पैसे भरले आणि पार्सल आलंच नाही, तर बहुतेक ग्राहक थांबतात. विक्रेता सांगतो, 'उद्या टाकतो.' मग 'कुरिअरवाला आला नाही', मग 'गावी आलोय, सोमवारी नक्की'. ग्राहकाला वाटतं, माणूस बोलतोय ना, मग कशाला उगाच वाद घालायचा? असं थांबायला वरवर काही खर्च येत नाही, पण सगळ्यात महाग तेच पडतं. पैसे परत मिळवण्याचे जवळजवळ सगळे मार्ग मुदतीचे आहेत आणि त्या मुदती विक्रेत्याच्या सबबींसाठी थांबत नाहीत. म्हणून प्रत्येक मार्गाला पैसे किती लागतात याच्या जोडीने तो किती दिवस खुला असतो, हेही इथे सांगतो.

आधी तुम्ही कुठल्या लिलावात उतरलात ते ठरवा, कारण हक्क त्यावर बदलतात. बाझी डॉट कॉम या मुंबईच्या संकेतस्थळाने आपल्याकडे ऑनलाइन बोली लावायची सवय लावली. २००४ मध्ये ईबेने ते विकत घेतलं. देशांतर्गत खरेदीचं ईबे ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झालं आणि सर्वसाधारण वस्तूंचा मोठा भारतीय लिलाव-बाजार जवळपास संपला. आज मराठी घरांतून बोली लागते ती मुख्यतः चार ठिकाणी: नाणी, नोटा, तिकिटं, चित्रं विकणारी लिलावगृहं, ईबेसारखी परदेशी संकेतस्थळं, व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरचे संग्राहकांचे ग्रुप, आणि बँकांचे व सरकारी खात्यांचे ई-लिलाव.

भारतीय लिलावगृह: अटींचं पान हाच तुमचा करार

लिलावगृहात शेवटची बोली म्हणजे बिल नव्हे. समजा एक जुनं नाणं १०,००० रुपयांना सुटलं. त्यावर लिलावगृहाचा 'बायर्स प्रीमियम', म्हणजे खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन लागतं. ते १५ टक्के धरलं तर १,५०० रुपये. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७० रुपये. पॅकिंग, पाठवणी आणि विमा मिळून ४०० रुपये धरू. झाले १२,१७० रुपये आणि वस्तूवर लागू असेल तो जीएसटी वेगळाच. हा हिशेब मुद्दाम मांडला, कारण उशिरामुळे व्यवहार मोडला की समोरून अनेकदा फक्त १०,००० परत करायची भाषा होते. चूक पाठवणाऱ्याची असेल तर प्रीमियम, कर आणि टपालखर्च धरून पूर्ण रक्कम मागा आणि मागणीत प्रत्येक आकडा वेगळा लिहा.

मालविक्री कायदा १९३० चा आहे, पण तो इथे अजून उपयोगी पडतो. त्यातल्या कलम ६४ नुसार हातोडा पडला, म्हणजे आजच्या भाषेत बोलीचं घड्याळ थांबलं, की विक्री पूर्ण होते. पाठवण्याची तारीख ठरलेली नसेल तर विक्रेत्याने 'वाजवी वेळेत' माल पाठवला पाहिजे, असं कलम ३६ सांगतं. माल वाहतूकदाराच्या हाती दिला की सकृतदर्शनी तो खरेदीदाराला मिळाला असं धरलं जातं, हे कलम ३९. ग्राहकाला अडचणीत आणणारं कलम हेच आहे, कारण लिलावगृह म्हणू शकतं, 'आम्ही कुरिअरला दिलं, आता तुम्ही आणि कुरिअर.' त्यावरचं उत्तर कलम २६ मध्ये आहे. ज्याच्या चुकीमुळे ताबा द्यायला उशीर झाला, त्या उशिरामुळे होऊ शकलेल्या नुकसानीची जोखीम त्याच्यावर येते. पैसे मिळाल्यावर नाणं तीन आठवडे कपाटात ठेवलं आणि नंतर ते टपालात गहाळ झालं, तर ही तरतूद नोटिशीत नावानिशी लिहा.

त्यापेक्षा सरळ आधार २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत आहे. ठरलेल्या वेळापत्रकापेक्षा माल उशिरा आला तर तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. पूर, संप यांसारख्या हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला असेल तर मात्र हा हक्क चालत नाही. विक्रीमंचाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. भारतात कार्यालय नाही, पण इथल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकतो, अशा परदेशी मंचालाही हे नियम लागू आहेत.

'ठरलेल्या वेळापत्रकापेक्षा' या शब्दांवर सगळं अवलंबून आहे. ई-मेलमध्ये किंवा अटींच्या पानावर तारीख नसेल तर उशीर सिद्ध करायला तुम्ही 'वाजवी वेळ' या ढोबळ शब्दावर येऊन पडता. म्हणून पैसे भरायच्या दिवशीच एक ओळ लिहून विचारा: 'माल कोणत्या तारखेला, कोणत्या सेवेने निघेल आणि विमा किती रकमेचा आहे?' उत्तर आलं की तुमच्या हातात तारीख आली. हे फोनवर विचारू नका.

पाठवणी टपालाने होणार असेल तर विम्याचा प्रश्न टाळू नका. स्पीड पोस्टला उशीर झाला तर भरलेलं स्पीड पोस्ट शुल्क परत मिळतं. वस्तू गहाळ झाली तर शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती मिळते. १२,००० रुपयांचं नाणं विम्याशिवाय गेलं तर टपालखात्याकडून हाती काय येईल, हे यावरून कळेल. स्पीड पोस्टला एक लाख रुपयांपर्यंत विमा उतरवता येतो. खासगी कुरिअरच्या पावतीवरही भरपाईची मर्यादा बारीक अक्षरांत छापलेली असते, आणि विम्याशिवाय ती वस्तूच्या किमतीच्या जवळपासही नसते. किमती वस्तू विम्याशिवाय पाठवायला होकार देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्यात वाचणारे पैसे वस्तूच्या किमतीपुढे नगण्य असतात.

ईबे आणि परदेशातून येणारं पार्सल

जुनी लेन्स, सुट्या भागासाठी घेतलेलं घड्याळ, ब्रिटिशकालीन नकाशा अशा वस्तूंसाठी आजही ईबेवर बोली लागते. इथलं संरक्षण चांगलं आहे, पण त्याचं वेळापत्रक पाठ हवं. ऑर्डरवर पोहोचण्याच्या अंदाजाच्या दोन तारखा दिसतात. त्यांतली शेवटची तारीख उलटली की 'वस्तू मिळाली नाही' अशी विनंती नोंदवता येते आणि त्यासाठी त्या तारखेपासून ३० दिवस मिळतात. विक्रेत्याला उत्तरासाठी कामकाजाचे तीन दिवस असतात. त्यातून काही निघालं नाही तर ईबेला मध्ये पडायला सांगायचं. दावा मान्य झाला तर किमतीसह मूळ टपालखर्चही परत मिळतो. या सगळ्याला शुल्क नाही.

विक्रेत्याचं 'अजून दोन आठवडे थांबा, कस्टममध्ये अडकलं असेल' हे उत्तर या ३० दिवसांतच येतं. तो प्रामाणिकही असू शकतो. तरी विनंती नोंदवा आणि मग थांबा. नोंद केल्याने भांडण होत नाही, मुदत मात्र सुरक्षित राहते. बोलणं ईबेच्या संदेशपेटीतच ठेवा. व्हॉट्सॲपवर दिलेलं आश्वासन निर्णय देणाऱ्याच्या समोर येतच नाही.

ट्रॅकिंग वाचायला शिका. टपालाने येणाऱ्या नोंदणीकृत पार्सलचा क्रमांक १३ खुणांचा असतो: दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. तो पाठवणाऱ्या देशाच्या टपालखात्याच्या आणि भारतीय टपालखात्याच्या अशा दोन्ही संकेतस्थळांवर टाकून बघा. आठवडाभर फक्त 'लेबल तयार झालं' एवढंच दिसत असेल, तर पार्सल अजून टपालात गेलेलंच नाही. विक्रेत्याने क्रमांक काढून ठेवला आहे, इतकाच त्याचा अर्थ. 'मी तर पाठवलं' या दाव्याला त्या नोंदीचा स्क्रीनशॉट पुरेसं उत्तर आहे. पार्सल खरंच निघून हरवलं असेल तर आंतरराष्ट्रीय टपालाच्या चौकशीसाठी सहा महिने असतात, पण ती सहसा पाठवणाऱ्याने करायची असते. म्हणून विक्रेत्याला तसं लेखी सांगा.

भारतात आल्यावर अडण्याची जागा म्हणजे सीमाशुल्क. मुंबईत टपालाने येणारी परदेशी पार्सलं बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनातून जातात. बिल जोडलेलं नसलं, किंमत संशयास्पद कमी लिहिली असली की तिथून पत्र येतं. खासगी कुरिअरने आलं तर ओळखपत्र आणि केवायसीसाठी ई-मेल येतो आणि तो बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन पडतो. उशीर तिथे आपल्याकडूनच होतो आणि कुरिअर कंपनी साठवणुकीचं भाडंही लावू शकते. शुल्क नुसत्या बोलीवर बसत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा मिळून येणाऱ्या रकमेवर ते आकारलं जातं आणि त्यावर आयजीएसटी बसतो. दर अर्थसंकल्पागणिक हलतात, म्हणून बोली लावण्याच्या आठवड्यातला दर बघूनच वरची मर्यादा ठरवा. खासगी कुरिअर तुमच्या वतीने शुल्क भरण्याची वेगळी फी घेतं, तीही धरा. शुल्क भरायला नकार देऊन पार्सल परत पाठवलंत, तर ईबेचं संरक्षण मिळेल अशी आशा ठेवू नका.

विक्रेता आपणहून म्हणतो, 'मी गिफ्ट लिहून देतो.' लगेच नको म्हणा. डिसेंबर २०१९ पासून टपालाने किंवा कुरिअरने 'भेट' म्हणून माल सोडवून घेण्यावर बंदी आहे. अपवाद फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांचा. विकत घेतलेल्या वस्तूवर 'भेट' लिहिणं ही खोटी घोषणा ठरते आणि पार्सल अडतं ते त्यामुळेच. तसंच 'तुमचं पार्सल अडलंय, २५ रुपये भरा' असा दुवा असलेला संदेश आला तर तो उघडू नका. क्रमांक स्वतः टपालखात्याच्या संकेतस्थळावर टाकून खातरजमा करा.

आपल्या लोकांत हमखास होणारी एक गोष्ट सांगतो. वस्तू अमेरिकेतल्या मावसभावाच्या पत्त्यावर मागवायची आणि तो दिवाळीत येईल तेव्हा आणेल. टपालखर्च वाचतो, हे खरं. पण त्याच्या दारात पार्सल पोहोचलं त्या दिवशी ईबेच्या लेखी वस्तू 'मिळाली'. पुढचा उशीर, पुढची मोडतोड तुमची. माल पुढे पाठवणाऱ्या एजन्सीचा पत्ता दिला तरी तेच. ही पद्धत वापरायचीच असेल तर मावसभावाला सांगा, पार्सल आलं त्याच दिवशी उघडून फोटो पाठव.

आता पैशांचा हिशेब. समजा बोली आणि टपालखर्च मिळून १०० डॉलर झाले आणि डॉलर ९० रुपये धरला, तर ९,००० रुपये. भारतीय कार्डावर परकीय चलनाचा अधिभार साधारण २ ते ३.५ टक्के असतो. साडेतीन टक्के धरला तर ३१५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५६ रुपये ७० पैसे. दावा जिंकलात तर ईबे १०० डॉलर परत करतं. हे ३७१ रुपये ७० पैसे बहुतेकदा परत येत नाहीत आणि त्या दिवसाच्या दरात फरक पडला तर तोही तुमचाच. पैसे भरताना पडद्यावर 'रुपयांत भरा' असा पर्याय दिसला तर डॉलरच निवडा. रुपयांचा दर मंच किंवा दुकानदार ठरवतो आणि तो सहसा महाग असतो.

पेपॅलने पैसे दिले असतील तर पैसे भरल्यापासून १८० दिवसांत वाद नोंदवता येतो. नोंदवल्यावर २० दिवसांत त्याचं दाव्यात रूपांतर केलं नाही तर तो आपोआप बंद होतो. कार्डाने दिले असतील तर बँकेकडे 'चार्जबॅक', म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. कार्डजाळ्यांचा सर्वसाधारण नियम वस्तू अपेक्षित असलेल्या तारखेपासून १२० दिवसांचा आहे, पण बँकेकडे कागद लवकर गेलेले बरे. काही बँका फेटाळलेल्या दाव्यावर शुल्क लावतात, ते कार्डाच्या शुल्कपत्रकात आधी पाहा. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत. हे सगळे मार्ग एकदम मात्र चालवू नका. बँकेकडे किंवा पेपॅलकडे वाद नेला की ईबे आपलं प्रकरण बंद करतं. आधी ईबे, तिथे नकार आला तर बँक, हा क्रम बरा.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी थोडक्यात: व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतलं असेल आणि दुसरी तारीख ठरली नसेल, तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने माल ३० दिवसांत पोहोचायला हवा. खासगी विक्रेत्याला हा नियम लागू नाही, म्हणून बोली लावण्याआधी विक्रेता कोण आहे ते बघा.

ग्रुपवरची बोली

व्हॉट्सॲपवर रात्री नऊला फोटो पडतो, दहाला बोली बंद होते, ॲडमिन 'अभिनंदन' लिहितो आणि यूपीआयने पैसे जातात. संग्राहकांचे कितीतरी सुंदर व्यवहार असेच होतात आणि विश्वासावर होतात. म्हणूनच इथे उशिराचं दुखणं सगळ्यात वाईट. मंच नाही, तक्रार अधिकारी नाही आणि व्यक्तीच्या यूपीआय आयडीवर पाठवलेल्या पैशाला चार्जबॅक नाही. व्यापारी क्यूआरवर पैसे दिले असतील तर 'माल मिळाला नाही' अशी तक्रार यूपीआय ॲपमध्ये नोंदवता येते, व्यक्तीच्या खात्याला तो मार्ग नसतो. म्हणून नवख्या विक्रेत्याशी पहिला व्यवहार लहान रकमेचा करा. जमलं तर टपालखात्याची पावती आल्यावर उरलेली अर्धी रक्कम, असं ठरवा. लाज वाटू देऊ नका, जुने संग्राहकही हेच करतात.

पैसे घेऊन माणूस गायब झाला, नंबर बंद झाला, तर तो उशीर राहिला नाही, ती फसवणूक झाली. अशा वेळी ग्राहक हेल्पलाइन सोडा आणि त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच काही हाती लागतं.

राहिली चौथी जागा, बँकांचे आणि सरकारी ई-लिलाव. त्यांत 'जसं आहे, जिथे आहे' ही अट असते. उचल तुम्हीच करायची आणि उशीर झाला तर जागेचं भाडं तुम्हालाच लागतं. शिवाय भूखंडांच्या जाहीर लिलावाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये चंदीगड प्रशासन विरुद्ध अमरजित सिंग या खटल्यात असा बोलीदार 'ग्राहक' ठरत नाही असं म्हटलं. तो निकाल भूखंडांचा असला तरी समोरचा वकील तो दाखवणार. त्यामुळे अशा लिलावात ग्राहक आयोगाच्या भरवशावर उतरू नका.

तक्रारीची पायरी आणि तिचा खर्च

पहिली पायरी लेखी मागणी. मजकूर छोटा असू द्या:

'लॉट क्रमांक अमुक, बोलीची तारीख अमुक, भरलेली एकूण रक्कम अमुक. आपण अमुक तारखेपर्यंत माल पोहोचवण्याचं लेखी कळवलं होतं. माल आजवर मिळालेला नाही. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत माल पोहोचवावा किंवा प्रीमियम, कर व टपालखर्चासह संपूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागितली जाईल.'

ई-मेल करा आणि छापील प्रत टपालाने पाठवा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, म्हणून खिडकीवर 'रजिस्टर एडी'ऐवजी नोंदणीसह स्पीड पोस्ट मागा. ऑक्टोबर २०२५ च्या दरांप्रमाणे ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला बाहेरगावी ४७ रुपये, नोंदणीचे ५ रुपये आणि वर जीएसटी लागतो. वकिलाची नोटीस सक्तीची नाही. दहा-बारा हजारांच्या वस्तूसाठी त्या फीचा विचार दोनदा करा.

दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण तिचा निरोप कंपनीच्या योग्य टेबलावर जातो. तिथे मिळालेला तक्रार क्रमांक पुढे पुरावा म्हणून लागतो. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था तक्रारीचा मसुदा करायलाही मदत करतात.

तिसरी पायरी जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क शून्य. पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४००, वीस ते पन्नास लाखांना १,०००. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. विक्रेता कोलकात्याला असला तरी सांगलीचा माणूस सांगलीतच दाद मागू शकतो. २०१९ च्या कायद्यातली ही सोय माझ्या मते ऑनलाइन ग्राहकासाठी सगळ्यात मोलाची आहे. १ जानेवारी २०२५ पासून चालू झालेल्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज भरता येतो, वकील लागत नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. खर्च होतो तो प्रती, प्रतिज्ञापत्र आणि नोटरीचा, आणि वेळेचा. कायद्याने तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा असं म्हटलं असलं तरी त्याहून जास्त वेळ धरूनच उतरा. एक अट मात्र कडक आहे: वस्तू पुन्हा विकण्यासाठी घेतली असेल तर तुम्ही ग्राहक ठरत नाही. नाण्यांचा व्यापार करणाऱ्यांनी आणि घाऊक लॉट फोडून विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पोटापाण्यासाठी स्वतः केलेल्या स्वयंरोजगाराला कायद्यात सूट आहे, पण ती वस्तू वापरण्यासाठी घेतली असेल तर, पुन्हा विकण्यासाठी नाही.

कधीकधी पैसे परत मिळाल्यावर महिन्याने पार्सल दारात येतं. तेव्हा विक्रेत्याला त्याच दिवशी कळवा. वस्तू ठेवायची असेल तर ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने ते परत करायचा निरोप द्या. नको असेल तर परतीचं लेबल त्याच्याकडून मागा, स्वतःच्या खर्चाने पाठवू नका. उशिरा आलेलं आणि अजून पैसे परत न मिळालेलं पार्सल घेताना पोच-कागदावर तारीख आणि खोक्याची अवस्था स्वतःच्या हाताने लिहा आणि न थांबवता व्हिडिओ काढत उघडा. परत करायचं असेल तर वस्तू वापरू नका आणि लेखी नकार त्याच दिवशी पाठवा.